दोन बोटं गेली, भाऊ गप्प होता

हे मी सांगते आहे आणि माझी लेक पूजा लिहून घेते आहे, कारण माझा उजवा हात अजून पेन नीट धरत नाही. पूजा बिदरला कॉलेजात शिकते. माझं बोलणं ती जरा इस्त्री करून कागदावर मांडते आणि मधूनच "आई, असं लिहीत नसतेत" म्हणून अडते. मी तिला सांगितलंय, माझं बोलणं तू हवं तसं नीटनेटकं कर, पण दुसरं कुणी जे बोललं ते जसंच्या तसं राहू दे. विशेषतः तुझ्या मामाचं.

सांगण्यामागे दोन कारणं आहेत. जनावरं पाळणाऱ्या घरात हे दुखणं कुणालाही होऊ शकतं, आणि दवाखान्यात पहिल्या दिवशी काय बोलायचं ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. ते दुसऱ्या कुणाला उपयोगी पडावं. दुसरं कारण राग आहे. तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही, वाचणाऱ्याला कळणारच.

मेंढरांच्या घरात डुकरं

आमचं गाव औराद तालुक्यात. घरात मराठी, कचेरीत कन्नड, आणि भांडण पेटलं की हैदराबादी उर्दू, असं आमचं चालतं. माझ्या बापाची मेंढरं होती, सासऱ्यांचीही होती. चरायला रान उरलं नाही तशी मेंढरं गेली. माझे मालक चंद्रकांत लोकांच्या शेतात कामाला जाऊ लागले आणि मीही.

पाच वर्षांपूर्वी माझ्या भावानं, दत्तानं, पांढऱ्या डुकरांचं आमच्या डोक्यात घातलं. "अक्का, गावातली गटारीची डुकरं न्हवं ही. शेडमधली. धुतल्याली. भराभर वाढतेत." मालक आठ दिवस बोललेच नाहीत. मग शेड उभं राहिलं. माझ्या जावेनं हळदीकुंकवाचं बोलावणं बंद केलं आणि सासूबाई आमच्या घरचं पाणी पिताना तांब्या आधी नाकाशी नेऊ लागल्या. डुकरं पाळली खरी, पण परगावच्या पाहुण्यानं विचारलं तर आम्ही "जनावरं हायेत थोडी" एवढंच म्हणायचो. ही लाज पुढं किती महाग पडणार हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं.

दत्ताबद्दल सांगायला हवं. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि मी अकरा. बाप मेंढरांमागं महिना महिना बाहेर. सातवीनंतर मी शाळा सोडली, म्हणजे दत्ता शाळेत जाईल आणि घरी चूल पेटेल. तो हुशार निघाला. औषधांचा कोर्स केला, औरादला जनावरांच्या औषधांचं दुकान टाकलं. मी वीस वर्षं ज्याला त्याला सांगत आले, आमच्या दत्ताला सगळं कळतं. गावातल्या बायका मला चिडवायच्या, "मंगलाक्का, तुझ्या दत्तानं सांगितलं तर तू शेण बी खाशील." मी म्हणायचे, व्हय, खाईन.

डुकरांच्या खाद्याच्या प्रत्येक पोत्यात एक माप पावडर मिसळायची, असं त्यानंच सांगितलं होतं. आजारी असोत नसोत, रोज. "वाढीची पावडर हाय अक्का. व्हिटामिनच समज." मी परातीत खाद्य ओतून दोन्ही हातांनी कालवायचे, पीठ मळावं तसं. दोन वर्षं बरं चाललं. मग पिलांना हगवण लागायला लागली. दत्ता इंजेक्शन द्यायचा, पिलं दोन दिवसांत उठायची. पुढच्या खेपेला चार दिवस लागले. त्याच्या पुढच्या खेपेला अकरातली सात पिलं मेली.

"दत्ता, औषध लागू पडंना गेलंय," मी म्हटलं.

"मग हे दे," म्हणून त्यानं रोजच्या पावडरीऐवजी लाल झाकणाचा डबा आणून दिला. "कंपनीचा माणूस म्हणला, ह्याच्या वर काईच न्हाई."

ह्याच्या वर काही नाही, ही किती वाईट बातमी आहे ते मला कळलं नाही. मला वाटलं सगळ्यात चांगलं तेच माझ्या भावानं मला दिलं.

माझीही चूक सांगते. आमच्या मेंढरांच्या घरात बापाची शिकवण होती, जनावरानं चाऱ्याला तोंड लावलं की औषध बंद. चांगल्या जनावरावर औषध वाया घालवायचं नाही, उरलेलं दुसऱ्या आजारी जनावराला ठेवायचं. मी डुकरांचंही तसंच केलं. पिलू दूध प्यायला लागलं की इंजेक्शन थांबवायचे आणि अर्धी बाटली कोनाड्यात ठेवून द्यायचे. बिदरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला पुढं समजावलं, की तेवढ्यानं नेमके दुबळे जंतू मरतात आणि दांडगे तेवढे मागं राहून वंश वाढवतात. म्हणजे आम्ही शेडमध्ये डुकरं वाढवत होतो तसे जंतूही वाढवत होतो, आणि ते जास्त जोमानं वाढले.

दात

डुकराच्या पिलाला जन्मतःच सुईसारखे दात असतात. ते पहिल्या दिवशी पकडीनं कापावे लागतात, नाही तर पिलं मादीच्या सडाला चावतात. ते काम माझ्याकडं होतं. डाव्या हातात पिलू धरायचं, उजव्या हाताचं बोट जबड्याच्या कोपऱ्यात घालून तोंड उघडायचं, मग पकड लावायची. त्या दिवशी एका पिलानं मान झटकली आणि दात मधल्या बोटाच्या मुळाशी घुसला. थेंबभर रक्त आलं. असं शंभरदा झालं असेल. मी हात धुतला, हळद दाबली आणि बाकीची पिलं उरकली.

तिसऱ्या दिवशी पंजा सुजला. दत्ता आला, बघितलं, म्हणाला, "बिदरला कशाला जायलीस? मी हाय की." आणि त्यानं घरीच इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी परत दिलं. सूज थोडी ओसरली, मी अर्धी भाकरी खाल्ली आणि त्याला म्हटलं, आता पुरे. बापाची शिकवण. तोंड लावलं की बंद. दत्तानंही नाही म्हटलं नाही.

दोन दिवसांनी हात मनगटाच्या वर लाल झाला आणि मी अंगणात उभी राहिले तर घर हलताना दिसायला लागलं.

पहिला प्रश्न

बिदरच्या दवाखान्यात मला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई वयानं पूजापेक्षा फार मोठ्या नसतील. कन्नड त्यांची मायबोली, पण मराठी बोलायच्या, शब्द शोधत शोधत. त्यांनी हात बघितला आणि चेहरा एकदम शांत केला. डॉक्टरांचा चेहरा शांत झाला की समजावं, मामला बरा नाही.

"घरी जनावर काय काय आहे?" त्यांनी विचारलं.

पलंगाच्या एका बाजूला मालक उभे होते, दुसऱ्या बाजूला दत्ता. मालकांनी वॉर्डातल्या पाचपन्नास माणसांकडं बघितलं आणि म्हणाले, "मेंढरं हायेत."

आमच्याकडं एक मेंढरू नव्हतं. पण त्यांच्या बापाकडं होती, आजाकडं होती, आणि भरल्या वॉर्डात डुक्कर हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. मला ऐकू आलं. तापात होते तरी ऐकू आलं. मीही गप्प बसले, कारण शेजारच्या पलंगावरची बाई माझ्याकडं बघत होती. मालकांची लाज मी समजू शकते, ती माझीही होती.

"याच्या आधी काही औषध घेतलं? इंजेक्शन?"

मालक दत्ताकडं बघू लागले. औषधाचं ते कधीच बोलत नसत, तो दत्ताचा विषय. दत्ता म्हणाला, "न्हाई मॅडम. तापाची गोळी दिल्ती फक्त."

मी त्याच्याकडं बघितलं. तो सलाईनच्या बाटलीकडं बघत होता. मला वाटलं, त्याचं काहीतरी कारण असेल. त्याला कळतं. आपण अडाणी, मध्ये तोंड घालून डॉक्टरांपुढं त्याला खोटं पाडायचं कशाला. इतका माझा विश्वास. पूजा म्हणते हे वाक्य वाचून लोक तुला वेडी म्हणतील. म्हणू देत.

वॉर्ड

सकाळी सहाला सिस्टर ताप बघायची. सातला फरशी पुसायला मावशी यायच्या आणि पलंगाखालच्या पिशव्यांवरून रोज नवं भांडण काढायच्या. आठला उप्पीट. दहाला ड्रेसिंगची गाडी. तिचं एक चाक कुरकुरायचं, आणि ते दाराशी वाजलं की मी डाव्या हातानं पलंगाची दांडी धरायचे. जखम उघडी ठेवलेली होती. रोज ती आतून धुवायची. माझी तीन बाळंतपणं झाली आहेत, त्यातली दोन पोरं जगली नाहीत. दुखणं मला नवीन नव्हतं, पण ह्या दुखण्यात मी सिस्टरला आईवरून शिवी दिली. नंतर माफी मागितली. ती म्हणाली, "असू द्या, रोज नवी शिवी ऐकायला मिळते."

शेजारच्या पलंगावर शांतम्मा नावाची बाई होती, पायाच्या जखमेसाठी आलेली. तिला मराठी येत नव्हतं आणि मला कन्नड बाजारापुरतं. मला एका हातानं वेणी घालता येईना, केसांच्या जटा झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ती लंगडत आली, मागं बसली आणि खोबरेल लावून माझे केस विंचरले. मी रडायला लागले तर म्हणाली, "अळबेड, अळबेड." रडू नको. आई गेल्यापासून माझे केस कुणी विंचरले नव्हते.

हाताला मात्र उतार पडत नव्हता. औषध चालू होतं, ताप चढतच होता. जखमेतला नमुना तपासायला पाठवला होता, त्याला दोन-तीन दिवस लागतात म्हणाले. तिसऱ्या दिवशी मधलं बोट टोकाला काळं पडलं. ऑपरेशन करणारे डॉक्टर आले, त्यांनी मनगटाच्या वर पेनानं एक रेघ मारली आणि सांगितलं, लाली ह्या रेघेच्या वर गेली तर पंजा ठेवता येणार नाही. मी दिवसभर त्या रेघेकडं बघत पडले. ज्या हातानं भाकरी थापते, पिलं काढते, पोरीची वेणी घातली, तो हात एका पेनाच्या रेघेपर्यंत उरला होता.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई परत आल्या. ह्या वेळी त्यांनी मालकांना विचारलंच नाही. त्या सरळ दत्ताला म्हणाल्या, "तुम्ही औषध दुकानवाले ना? नीट आठवा. घरी कोणतं अँटिबायोटिक दिलं का? जनावराला कोणतं देता? मला आज कळलं तर मी आज औषध बदलते."

दत्तानं माझ्या हाताकडं बघितलं. रेघेकडंही बघितलं, मी पाहिलं.

"न्हाई मॅडम," तो म्हणाला. "कायबी न्हाई."

पूजा

पहिल्या दिवशी काय बोलणं झालं ते पूजाला माहीत नव्हतं. तिची परीक्षा होती, ती तिसऱ्या दिवशी आली. मामा बाहेर चहाला गेला तेव्हा मी तिला म्हटलं, "बाबांनी घरी मेंढरं हायेत म्हणून सांगितलं. अन् मामानं मला दोन इंजेक्शनं दिल्ती. ते डॉक्टरला का सांगत न्हाई कुणास ठाऊक."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी तिच्या वयाची आणि ती माझ्या. "आई, तू स्वतः कामून सांगितलं न्हाईस?"

मी तोंड भिंतीकडं वळवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ती गावी गेली आणि दुपारपर्यंत परत आली. पिशवीत कोनाड्यातल्या दोन अर्ध्या बाटल्या होत्या आणि लाल झाकणाचा डबा. मामाला न विचारता तिनं ते सगळं डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मांडलं आणि म्हणाली, "मेंढरं न्हाईत मॅडम. आमच्या घरी डुकरं हायेत. हे रोज त्यांच्या खाण्यात असतंय, आणि ही बाटली आईला टोचल्याली."

डॉक्टरीणबाईंनी डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. मग त्या डबा घेऊन माझ्या पलंगाशी आल्या.

"हे तुम्ही रोज देता? आजारी नसलेल्या डुकराला पण?"

"व्हय. वाढीची पावडर हाय ती."

"वाढीची नाही," त्या म्हणाल्या. "हे आम्ही इथं कुलपात ठेवतो. सगळं हरलं की शेवटी काढतो." मग बाटली दाखवून म्हणाल्या, "आणि मी चार दिवस तुम्हाला जे देते आहे ते ह्याच कुळातलं आहे. तुमच्या जंतूला ते पाठ आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं. उत्तर आमच्या कोनाड्यात होतं आणि त्या बिचाऱ्या नमुन्याची वाट बघत होत्या. त्यांनी त्याच तासाला औषध बदललं, ह्या दोन्हींत नसलेलं तिसरंच दिलं. दुसऱ्या दिवशी तपासणीचा कागद आला, त्यातही तेच निघालं. नवीन औषधानं मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो म्हणून रोज रक्त काढायचे, पण लाली रेघेच्या अलीकडं थांबली. पंजा वाचला. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, ही दोन मात्र काढावी लागली.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, चार दिवस आधी कळलं असतं तर? डॉक्टरीणबाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. "नक्की सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण एक बोट तरी वाचलं असतं, असं मला वाटतं."

कोपऱ्यातला पलंग

कागद आल्यावर मला कोपऱ्यातल्या खोलीत हलवलं. दारावर पाटी लागली. माझ्याजवळ येणाऱ्यानं हातमोजे घालायचे, वरून झगा घालायचा. हे जंतू दुसऱ्याला लागू नयेत म्हणून, आणि ते बरोबरच होतं. पण बारा दिवस मला उघड्या हाताचा स्पर्श झाला नाही. शांतम्मा एकदा दारापर्यंत आली, सिस्टरनं तिला हटकलं. तिनं दारातूनच स्वतःच्या केसांवरून कंगवा फिरवल्याची खूण केली आणि बोट माझ्याकडं केलं. सिस्टरलाही हसू आलं.

मालक झगा घालून येऊन बसायचे. एकदा म्हणाले, "मी डुकरं म्हणलो असतो तर..." मी म्हटलं, तुम्ही लाजून बोललात, घाबरून नाही. लाजेला मी क्षमा केली आहे. आता ते कुणी न विचारता सांगतात, आमची डुकरं आहेत. परवा बसमध्ये कंडक्टरला सांगितलं.

त्या खोलीत हलवल्यावर दत्ता सहाव्या दिवशी आला. झग्यात तो लहान दिसत होता. मी एवढंच विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"अक्का, ते औषध खाद्यात मिसळायला बंदी आल्ती. कंपनीचा माणूस म्हणला, व्हिटामिन म्हणून खपवा." तो फरशीकडं बघून बोलत होता. "डॉक्टरपुढं नाव घेतलं असतं तर चौकशी लागली असती. दुकान गेलं असतं माझं."

"आणि माझा हात?"

"मला वाटलं उतार पडंल."

"दत्ता, रेघ बघितलीस का तू? ती पेनाची?"

तो झग्याची नाडी ओढत राहिला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणून बायका गिळतात. मलाही सगळ्यांनी तेच सांगितलं, सासूबाईंनीसुद्धा. पण दात पिलाचा लागला त्याचं मला काहीच वाटत नाही. पिलाला कुठं ठाऊक होतं. केसानं गळा कापला तो ज्याला सगळं ठाऊक होतं त्यानं. मी त्याला जा म्हटलं. तो गेला, आणि झगा दाराबाहेरच्या डब्यात टाकायचा असतो तो तसाच अंगावर घेऊन गेला. सिस्टर मागं पळाली.

घरी

आता जगण्याचं सांगते. तीन बोटांनी भाकरी थापता येते, जरा वाकडी होते. बटण लावता येत नाही. नसलेली बोटं दुखतात, विशेषतः थंडीत, आणि हे वेड नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या बऱ्याच जणांना होतं. डुकरं आम्ही विकली नाहीत. शेड रिकामं करून धुतलं, चुना मारला, पावडर बंद केली. सरकारी दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर येऊन बघून सांगतात, मगच औषध, आणि ते सांगतात तितके दिवस पुरं. कोरडं बसायला जागा दिली, पिलांना मादीजवळ जास्त दिवस ठेवलं, तर हगवण निम्म्यानं कमी झाली. हे कुणी आधी सांगितलं असतं तर. पण ते सांगण्यात कुणाचा डबा खपत नाही.

दवाखान्यात गेलात तर लाज घरी ठेवून जा. डुक्कर असेल तर डुक्कर म्हणा. घरात कुणी काय टोचलं, काय पाजलं, ते रिकाम्या बाटलीसकट घेऊन जा. आणि तुमच्या वतीनं दुसरा कुणी बोलत असेल, मग तो कितीही शिकलेला असू दे, कितीही सख्खा असू दे, तो चुकीचं बोलला तर तापात असलात तरी उठून बसा आणि बोला. मी बसले नाही.

स्टूल

पाच महिने मी दत्ताच्या दुकानाची पायरी चढले नाही. मग एक दिवस गावातली एक बाई हळहळून म्हणाली, "कडबाकुट्टीत हात गेला म्हणं तुमचा. जपून करावं की वो अक्का." कडबा कापायचं यंत्र आमच्या घरात नाहीच. मी विचारलं, कुणी सांगितलं. म्हणाली, औरादला तुमच्या भावाच्या दुकानातच ऐकलं.

बाजाराच्या दिवशी मी औरादला गेले आणि दुकानात गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या स्टुलावर जाऊन बसले. दत्तानं चहा मागवला, मी घेतला नाही. त्यानं "काय काम होतं अक्का?" विचारलं. मी म्हटलं, "काई न्हाई, बसलेव." तासभर गिऱ्हाइकं आली आणि गेली. मी हात पदराखाली घेतला नाही, मांडीवर उघडा ठेवला.

मग एक माणूस आला, माझ्या बापाच्या वयाचा, खांद्यावर घोंगडी. आमच्यातलाच, मेंढरांच्या घरातला. म्हणाला, पोरानं नवीन डुकरं आणलीत, पिलं हगायलीत, एखादं जोरदार औषध द्या. बोलता बोलता त्याची नजर माझ्या हातावर गेली.

"काय झालं वो बाई हाताला?"

"ह्याला विचारा," मी म्हटलं. "माझा भाऊ हाय."

दत्ता कपाटाकडं तोंड करून उभा होता. तो तसाच म्हणाला, "कडबाकुट्टीत गेलं. दोन बोटं."

माझ्यासमोर. मी तीन हात अंतरावर बसलेली असताना. मला वाटत होतं, माझ्यापुढं तरी त्याची जीभ रेटणार नाही.

"कडबाकुट्टी न्हाई," मी त्या म्हाताऱ्याला सांगितलं. "डुकराच्या पिलाचा दात लागला. आमच्या शेडातल्या जंतूंना औषधं लागू पडंना झालीत, कारण आमी त्यास्नी रोज औषध चारलो. ते औषध ह्यानं दिलं. मी दवाखान्यात हात घेऊन पडल्ते तवा डॉक्टरीणबाईनं ह्याला दोनदा विचारलं, कायी औषध दिलाव का. हा न्हाई म्हणला."

म्हातारा माझ्याकडं बघेना, दत्ताकडं बघायला लागला. घाईत नव्हता. मेंढरं राखणारी माणसं उत्तराची वाट बघू शकतात.

"खरं हाय का?" त्यानं विचारलं. "दिलाव का तुमी?"

दत्तानं कपाटाचं दार लावलं. परत उघडलं. मग त्याच्याकडं वळला.

"व्हय," तो म्हणाला. "दिलो."

म्हाताऱ्यानं मान हलवली, घोंगडी सारखी केली आणि सरकारी दवाखाना कुठं आहे ते मला विचारलं. मी रस्ता सांगितला. तो गेल्यावर दत्ता काउंटरवर डोकं टेकून रडायला लागला. मला त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला नाही. तो एवढासा शब्द त्याला येत होता तर. बिदरला डॉक्टरीणबाईंनी हेच विचारलं होतं, ह्याच शब्दांत, आणि तेव्हा माझ्या हाताला पाच बोटं होती.